माझ्या फाइलमधली मतं

गेले कित्येक महिने हे लिहायचं लिहायचं म्हणतेय आणि राहून जातंय. विषय तसा रुक्ष आहे. एका सभेचा. वार्षिक सर्वसाधारण सभा, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, सूचक, अनुमोदक वगैरे. खेळ मात्र फिगर स्केटिंग! ऑलिंपिकच्या वेळी टीव्हीवर दिसतो तो. चमचमते कपडे, व्हायोलिन, हवेतल्या गिरक्या, आणि शेवटी बाकावर बसून गुणांची वाट बघणारी, धाप लागलेली मुलगी. तिला कशाचे किती गुण द्यायचे, तिचं वय कोणत्या तारखेला मोजायचं, हे सगळं कुठेतरी कोणीतरी बसून ठरवत असणार, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी स्वतः त्या 'कोणीतरी'त जाऊन बसेपर्यंत.

आम्ही राहतो अमेरिकेच्या मिडवेस्टात. वर्षातले पाच महिने बाहेर पांढरं. आपल्याकडे पोराच्या पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलतात, तसं इथे पोरांना बर्फावर उभं करतात. माझी लेक सहाव्या वर्षी उभी राहिली आणि मग खाली उतरलीच नाही. आई फोनवर म्हणायची, "अगं, फरशीवर पाणी सांडलं तर पोरं घसरतील म्हणून आम्ही धावत जाऊन पुसायचो. आणि तुम्ही घसरायचे पैसे मोजता?" मोजतो. किती, ते आईला आजतागायत सांगितलेलं नाही.

या खेळाचा इथला पाया म्हणजे क्लब. 1921 साली सात क्लबांनी एकत्र येऊन फेडरेशन काढलं, तेच आजचं यू. एस. फिगर स्केटिंग. आता क्लबांची संख्या सातशेच्या वर आहे. त्या पहिल्या पिढीतल्या फिलाडेल्फियाच्या क्लबची एक गोष्ट मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकात नदी गोठली की तिच्यावरच स्केटिंग चालायचं आणि बर्फ फुटून माणसं बुडायची. म्हणून या क्लबच्या सभासदांनी दोरीचं रीळ जवळ बाळगायचं असा नियम होता. कोणी बुडताना दिसलं की दोरी फेकायची. क्लबच्या नावात 'ह्यूमेन सोसायटी' हे शब्द अजून आहेत. म्हणजे हौस आणि दुसऱ्याला वाचवण्याची जबाबदारी एकाच खिशात. असो, विषयांतर झालं. पण या रिळाची आठवण मला पुढे झाली, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मी क्लबची सेक्रेटरी झाले त्याचं कारण एवढंच, की मला इतिवृत्त लिहिता येतं. हा वारसा बाबांचा. नाशिकला आमच्या सोसायटीचे ते बरीच वर्षं सेक्रेटरी होते. घरी जेवणाच्या टेबलावर नोटिसा लिहिल्या जायच्या. 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही.' हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. लोक मुद्दामच अर्धा तास उशिरा यायचे. तेव्हा वाटायचं, बाबा या पार्किंगच्या आणि पाण्याच्या टाकीच्या भांडणांत रविवार का घालवतात? आता स्वतःच घालवते.

तर दरवर्षी वसंतात फेडरेशनची वार्षिक सभा भरते. गव्हर्निंग कौन्सिल म्हणतात तिला. देशभरच्या क्लबांचे प्रतिनिधी येतात, नियमपुस्तकात कोणते बदल करायचे त्यावर मतं देतात. आमच्या क्लबातून दरवर्षी एक आजोबा जायचे. त्यांचा गुडघा बदलायचा निघाला, तेव्हा क्लबच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "कोण जाईल?" रिंकच्या बाजूच्या त्या खोलीत ओल्या रबरी चटयांचा आणि शिळ्या कॉफीचा वास असतो. त्या वासात एक मिनिट शांतता पसरली. मला शांतता सहन होत नाही. हा माझा जुना दोष आहे.

जायच्या आधी दोन आठवडे फॉर्म यायला लागले. प्रॉक्सीचे. ज्या क्लबांना माणूस पाठवणं परवडत नाही (विमानाचं तिकीट, हॉटेलच्या तीन रात्री, कामावरची रजा) ते आपलं मत दुसऱ्या क्लबाच्या प्रतिनिधीच्या हवाली करतात. प्रॉक्सी म्हटलं की मला कॉलेजातली हजेरी आठवते. मागच्या बाकावरून आवाज बदलून 'यस सर' म्हणायचं ती. इथली प्रॉक्सी मात्र सही-शिक्क्याची. आसपासच्या लहान क्लबांचे फॉर्म माझ्याकडे आले आणि आमच्या क्लबाची धरून माझ्या फाइलमध्ये पाच मतं झाली. एका फॉर्मला चिठ्ठी जोडली होती. तासाभरावरच्या एका खेड्यातला क्लब, वीसेक मुलं. अध्यक्षांनी हाताने लिहिलं होतं, 'आम्हाला यातलं फारसं कळत नाही. तुम्ही योग्य तेच कराल.'

मी ती चिठ्ठी वाचली, बरं वाटलं, आणि फाइलला लावून टाकली.

सभा एका विमानतळाजवळच्या भल्या मोठ्या हॉटेलात होती. खिडक्या नसलेला हॉल, जमिनीवर फुलाफुलांचा गालिचा, बर्फाच्या थंड पाण्याचे जग. स्केटिंगवाल्यांची सभा म्हणून मी काहीतरी वेगळं बघायला मिळेल अशा अपेक्षेने गेले होते. पण मंडळी बघितल्यावर वाटलं, आपण नाशिकलाच आलो. मोत्यांच्या माळा घातलेल्या, तीस-तीस वर्षं परीक्षण करणाऱ्या बायका. (हे परीक्षक बिनपगारी असतात बरं का! शनिवार-रविवार पहाटेपासून त्या गारठ्यात मांडीवर ब्लँकेट घेऊन बसतात. मी त्यांच्यावर पूर्वी जेवढी चिडायचे तेवढी आता चिडत नाही.) निवृत्त खेळाडू. प्रशिक्षक. माझ्यासारखे थोडे पालक, चेहऱ्यावर 'आपण बरोबर खोलीत आहोत ना' असा भाव घेऊन. आणि काही विशीतली मुलंमुली. 2020 सालच्या एका कायद्यानंतर अमेरिकेतल्या ऑलिंपिक खेळांच्या फेडरेशनांना संचालक मंडळावर आणि समित्यांवर किमान एक तृतीयांश जागा खेळाडूंना द्याव्या लागतात. आधी हे प्रमाण वीस टक्के होतं. जिम्नॅस्टिक्समध्ये मुलींवर झालेले अत्याचार उघडकीला आले, त्यानंतर झालेला हा कायदा. खेळणाऱ्यांना खोलीत घ्यायला एवढी किंमत मोजावी लागली.

कामकाज रॉबर्टच्या नियमांनी चालतं. इथे चर्चच्या समितीपासून पालकसभेपर्यंत सगळीकडे हेच पुस्तक. हेन्री रॉबर्ट हा अमेरिकन सैन्यातला इंजिनिअर. एकदा चर्चमधल्या एका सभेचं अध्यक्षपद त्याच्या गळ्यात पडलं. सभा कशी चालवायची हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि तिथे इतका गोंधळ माजला की त्याने पुढे कित्येक वर्षं अभ्यास करून 1876 मध्ये हे पुस्तक काढलं. आमच्या सोसायटीच्या एका सभेत खुर्ची फेकली गेली होती, पण पुस्तक कोणी लिहिलं नाही.

पहिला दिवस अहवालांचा. अहवाल म्हणजे अहवालच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बाजूचे एक गृहस्थ मान ताठ ठेवून झोपले होते, हे कौशल्य अनेक वर्षांच्या सभांनीच येतं.

दुसऱ्या दिवशी ठराव. एकेक ठराव म्हणजे नियमपुस्तकातली दोन-तीन वाक्यं. जुनी खोडलेली, नवी अधोरेखित. कुठे 'आणि'च्या जागी 'किंवा'. कुठे एक स्वल्पविराम. घरी वाचताना डोळे मिटायला लागतात. पण माईकपाशी उभी राहून एखादी म्हातारी परीक्षक सांगते, की या 'किंवा'मुळे अमुक इतक्या मुलांना पुन्हा चाचणी द्यावी लागेल, तेव्हा जाग येते. मला खरोखर आदर वाटला या लोकांबद्दल. गंमत म्हणून नाही म्हणत. एवढा कंटाळा इतक्या निष्ठेने सोसणारी माणसं नसती तर कुठलाच खेळ चालला नसता.

जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी एक ठराव आला. वयाचा.

इथे दोन शब्द समजावून सांगायला हवेत. स्पर्धांमधल्या खालच्या पातळ्यांना वयाची वरची मर्यादा असते, म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीने दहा वर्षांच्या मुलींमध्ये उतरून पदकं नेऊ नयेत म्हणून. पण वय मोजायचं कोणत्या तारखेला? ज्या पालकांनी मुलांच्या शाळाप्रवेशासाठी कटऑफ डेटच्या मागेपुढे रात्री काढल्या आहेत त्यांना मी काय सांगणार! आणि आपल्याकडे तर माझ्या आजोबांच्या पिढीतली निम्मी माणसं 1 जूनला जन्मलेली. मास्तर विचारायचे, वडील 'आंब्याच्या दिवसांत झाला' म्हणायचे, आणि मास्तर 1 जून टाकायचे. इथे मास्तर नाहीत. इथे जन्मदाखला आहे आणि नियम आहे.

तारीख काय करू शकते याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण जपानच्या माओ आसादाचं. 2005 च्या डिसेंबरात तिने ग्रां प्री फायनल जिंकली, जगातल्या सगळ्या मोठ्या नावांना मागे टाकून. दोन महिन्यांनी ट्यूरिनला ऑलिंपिक होतं. पण नियम असा, की त्याआधीच्या 1 जुलैच्या आत पंधरा पूर्ण हवीत. तिचा वाढदिवस 25 सप्टेंबरचा. तीन महिन्यांहून कमी अंतराने ती राहिली. पुढे 2010 ला व्हँकुव्हरमध्ये तिने रौप्यपदक मिळवलं, पण सुवर्ण तिला ऑलिंपिकमध्ये कधीच मिळालं नाही. अर्थात तारीख दुसरी कुठली असती तर दुसरी कोणी राहिली असती. तारखेचा स्वभावच तो.

आमच्यापुढचा ठराव ऑलिंपिकचा नव्हता, छोट्या पोरींचा होता. एका खालच्या पातळीसाठी वय मोजायची तारीख थोडी अलीकडे आणायची. त्याने काय होणार? ज्या मुली त्या दोन-तीन महिन्यांत जन्मल्या, त्या आता वयात न बसण्याऐवजी बसणार, त्यांना त्या पातळीत आणखी एक वर्ष मिळणार. कारणं चांगली होती. मुली वयामुळे घाईने वरच्या पातळीत ढकलल्या जातात, अवघड उड्यांच्या मागे लागतात, दुखापती होतात, खेळ सोडतात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. विरोधातही लोक बोलले. एक प्रशिक्षक म्हणाले, की मग त्या पातळीतल्या लहान मुलींना आणखी मोठ्या मुलींशी सामना करावा लागेल, त्यांचं काय? एका बाईंनी विचारलं, "हे कधीपासून लागू?" व्यासपीठावरून उत्तर आलं, येत्या हंगामापासून. म्हणजे दोन महिन्यांत.

माझ्या लेकीचा वाढदिवस त्या दोन-तीन महिन्यांतच येतो.

कार्डं वर करायची होती. मी पाचही कार्डं वर केली.

ठराव मंजूर झाला, बऱ्याच फरकाने. माझी पाच नसती तरी झाला असता. हे मी स्वतःला तेव्हापासून किती वेळा सांगितलं आहे याची मोजदाद नाही. ठराव मला योग्य वाटत होता, हेही खरं. पण मला तो योग्य का वाटत होता, हे मी त्या क्षणी स्वतःला विचारलं नाही. हात वर जाताना मला हॉल दिसत नव्हता, नियम दिसत नव्हता. मला निळ्या ड्रेसमधली माझी मुलगी दिसत होती. नंतर जेवायला चिकन आणि उकडलेले फरसबीचे दाणे होते, मी भरपूर जेवले.

ऑक्टोबरात स्पर्धा झाली. पालकांच्या पायऱ्यांवर माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, थर्मास घेऊन. त्यांनी मला झाकणात कॉफी ओतून दिली. बोलता बोलता कळलं, त्या त्याच खेड्यातल्या. चिठ्ठीवाल्या. त्यांची नात त्या क्लबातून या पातळीवर आलेली एकटीच मुलगी, दहा वर्षांची, सरावाच्या वेळी सगळ्यांच्या खांद्याच्या खाली दिसत होती. रिंक वर्षातले थोडेच महिने चालू असते, म्हणून आठवड्यातून तीनदा आजी तिला गाडीने शहरात आणायच्या. "तुमची कुठली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ती, निळा ड्रेस." आजी थोडा वेळ बघत राहिल्या. "छान उंच आहे हो!" एवढंच म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

माझी मुलगी चौथी आली. त्यांची नात पाचवी.

अमेरिकेत या खेळात चौथ्या क्रमांकालाही पदक देतात. प्यूटरचं. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, आपण पातेल्यांना कल्हई लावायचो तेच. पाचव्याला काही नसतं. आजींनी माझं अभिनंदन केलं, थर्मास पिशवीत घातला आणि नातीला शोधायला खाली गेल्या. त्यांच्या क्लबाचं मत माझ्या फाइलमध्ये होतं आणि मी ते त्यांच्या नातीविरुद्ध वापरलं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. अजूनही नाही.

मी हे पहिल्यांदा बाबांना सांगितलं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, 'तू फार विचार करतेस.' (नंतर सांगितलं. तो तसंच म्हणाला.) बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्या उपविधीत प्रॉक्सी चालतच नाही." मला वाटलं, आता हे नियम सांगत बसणार. पण ते बरोबर जागी बोट ठेवत होते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांचे जे आदर्श उपविधी आहेत त्यात सभासदाच्या वतीने प्रॉक्सी किंवा मुखत्यारपत्र घेऊन सर्वसाधारण सभेला बसता येत नाही. सभासदाने स्वतः यायचं, नाही आला तर त्याचं मत नाही. लहानपणी मला हा नियम कोता वाटायचा. पुण्याला मुलाकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या काकूंनी पाण्याच्या टाकीसाठी नाशिकला यायचं का? बाबा म्हणाले, "काकूंचं मत गेलेलं परवडलं. काकूंच्या मतावर दुसऱ्याने आपली पार्किंगची जागा वाढवून घेतलेली नाही परवडत."

मी म्हटलं, "बाबा, तुमची सोसायटी चाळीस घरांची. इथे देश केवढा! प्रॉक्सी नसेल तर लहान क्लबांचा आवाजच राहणार नाही." हे माझं म्हणणं आजही आहे. बाबांशी मी पूर्ण सहमत नाही. पण त्यानंतर मला या खेळाकडे बघताना एक विसंगती दिसायला लागली ती आता डोळ्यांसमोरून जात नाही.

आम्ही स्केटिंगवाले परीक्षकांच्या हितसंबंधांवर जेवढं बोलतो तेवढं कशावरच बोलत नाही. 2002 च्या सॉल्ट लेक सिटीची गोष्ट तर पायऱ्यांवर नव्या पालकांना पहिल्या आठवड्यातच ऐकवली जाते. जोडी स्केटिंगचं सुवर्ण रशियन जोडीला मिळालं आणि मग फ्रेंच परीक्षकबाईंनी सांगितलं, की आपल्यावर आपल्याच फेडरेशनकडून दबाव होता. पुढे त्यांनी शब्द फिरवला, पण तोवर जगभर आग लागली होती. कॅनडाच्या साले आणि पेल्तिए या जोडीला दुसरं सुवर्णपदक द्यावं लागलं. परीक्षकबाई आणि त्यांच्या फेडरेशनचे अध्यक्ष तीन-तीन वर्षांसाठी निलंबित झाले. सहा गुणांची शंभर वर्षांची ओळख पुसली गेली आणि 2004 मध्ये नवी गुणपद्धत मंजूर झाली. दबाव येऊ नये म्हणून कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले तेच लपवायला लागले. मग लक्षात आलं, की लपवल्याने दबाव जातो की नाही ते माहीत नाही, विश्वास मात्र जातो. शेवटी 2016 मध्ये दुब्रोव्हनिकच्या काँग्रेसमध्ये ते लपवणंही बंद केलं. आता प्रत्येक गुणापुढे नाव असतं.

म्हणजे एका स्पर्धेतल्या एका मुलीला चार मिनिटांसाठी गुण देणाऱ्या माणसावर एवढा पहारा! त्याची भाची स्पर्धेत असेल तर तो त्या खुर्चीत बसणारच नाही, बसलेला कोणाला चालणार नाही. आणि त्याच भाचीसकट हजारो मुलींना वर्षानुवर्षं लागू होणारा नियम करताना भाचीचे मामा, आई, प्रशिक्षक सगळे हॉलमध्ये कार्डं घेऊन बसलेले. प्रशिक्षकाची तर रोजीरोटी त्यात. त्यांनी बसू नये असं मी म्हणत नाही. ते नाही बसले तर बसणार कोण? ज्यांना या खेळाशी काही देणंघेणं आहे त्या सगळ्यांचे हितसंबंध आहेतच. पण 'या ठरावाने माझ्या मुलीला फायदा आहे' हे एक वाक्य माईकवर बोलायला मला काय हरकत होती? फार तर दहा सेकंद लागली असती. आणि बोलल्यावर स्वतःचं एक कार्ड वर करायचं आणि बाकीची चार खाली ठेवायची. कदाचित ते वाक्य बोलावं लागेल म्हणूनच मी आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत ठराव पुन्हा एकदा वाचला असता, आणि त्या चार क्लबांत त्या पातळीवर कोण कोण आहे याची चौकशी केली असती. पाच मिनिटांचं काम. एका फोनचं.

वरच्या पातळीवरही फार वेगळं नाही. 2022 च्या जूनमध्ये थायलंडमधल्या फुकेतला आंतरराष्ट्रीय संघटनेची काँग्रेस भरली. बीजिंग ऑलिंपिक होऊन चार महिने झाले होते, आणि पंधरा वर्षांच्या कामिला वालियेवाचं काय झालं ते जगाने पाहिलं होतं. उत्तेजक चाचणीचा निकाल भर स्पर्धेत बाहेर आला आणि ती सगळ्यांच्या समोर पुन्हा पुन्हा पडली. त्या काँग्रेसमध्ये मोठ्यांच्या गटासाठी किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेण्याचा ठराव झाला. 100 विरुद्ध 16. मी तिथे असते तर मीही त्या शंभरात असते. पण त्या दिवशी जगात कुठेतरी चौदा वर्षांच्या काही मुली होत्या, ज्यांनी पुढच्या दोन हंगामांची स्वप्नं भिंतीवर लिहून ठेवली असतील. निर्णय बरोबर असला तरी त्याची किंमत कोणीतरी भरतं, आणि भरणारा बहुतेक वेळा त्या हॉलमध्ये नसतो. निदान टप्प्याटप्प्याने केलं, एका वर्षी सोळा, पुढच्या वर्षी सतरा, एवढी तरी त्यांनी जाणीव ठेवली. आमच्या छोट्या ठरावाला तेवढी सवड कोणी मागितली नाही. 'कधीपासून लागू' असं विचारणाऱ्या त्या बाई तेच मागत होत्या, हे मला फार उशिरा समजलं.

फिलाडेल्फियाच्या त्या दोरीच्या रिळाची आठवण मला झाली ती तेव्हा. प्रॉक्सीचा फॉर्म म्हणजे खरं तर तेच आहे. काठावर येऊ न शकणाऱ्याने दुसऱ्याच्या खिशात ठेवायला दिलेली दोरी. मी ती माझ्याच मुलीकडे फेकली, आणि ती तर बुडतही नव्हती.

मुलीला हे सांगितलं का? सांगितलं, यंदाच्या जानेवारीत. तिने ते पदक खिळ्यावरून काढलं नाही, आणि मीही काढ म्हटलं नाही. तिने उड्या स्वतः मारल्या होत्या. ती फक्त म्हणाली, "मग तू आता परत जाणार नाहीस?"

गेले. पण या वेळी फॉर्म आल्यावर मी प्रत्येक क्लबाला सगळे ठराव साध्या भाषेत लिहून पाठवले, एकेका ठरावापुढे दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'. आणि खाली लिहिलं, की अमुक दोन ठरावांचा माझ्या मुलीवर परिणाम होतो, तेव्हा त्या दोन ठरावांवर तुम्ही खूण केली नाहीत तर मी तुमचं कार्ड वर करणार नाही. लोकांना ते जरा विचित्र वाटलं असावं. दोन क्लबांनी उत्तरच पाठवलं नाही. एकाने सगळीकडे 'हो' केलं, वाचलं नसावं.

खेड्यातल्या क्लबाचा फॉर्म सगळ्यांत शेवटी आला. अध्यक्षांनी आठ दिवस घेतले होते. बहुतेक चौकोन रिकामे होते, पण एका ठरावापुढे 'नाही'वर ठळक खूण होती आणि मागे पानभर कारण, पेनाने, खाडाखोड करून. आमच्या रिंकला हे परवडणार नाही, असं. तो ठराव मला चांगला वाटत होता, आमच्या क्लबालाही हवा होता.

त्यावर मतदान आलं तेव्हा 'बाजूने' म्हटल्यावर मी आमच्या क्लबाचं कार्ड वर केलं. 'विरोधात' म्हटल्यावर त्यांचं. शेजारी तेच मान ताठ ठेवून झोपणारे गृहस्थ होते. ते जागे झाले, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही चुकून दोनदा हात वर केलात का?"

मी म्हटलं, "नाही."